आत्याचे मडके

यंदा दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब शेलूबाजारला आत्याकडे गेलो होतो. वाशीम जिल्ह्यातले, मंगरूळपीर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या शिवारात पाहावे तिकडे सोयाबीन. पण आत्याने घरापुरती जुनी ज्वारी अजून राखली आहे. परसात ती बियाण्यासाठी कणसे निवडीत बसली होती.

आमच्या चिरंजीवांनी ढिगातले सर्वांत टपोरे कणीस शोधून तिच्यापुढे धरले. आत्याने ते चक्क बाजूला सारले!

"हे उकिरड्याजवळचं हाये बापू. खत खाऊन मातलं. त्याच्या पोटचं तसंच निघन कशावरून?"

वाचकहो, आत्या शाळेत दोन इयत्ता शिकली. पण तिने एका वाक्यात जे सांगितले, त्यासाठी शास्त्रज्ञांना अर्धे शतक झगडावे लागले.

मेंडेलने १८६६ साली वाटाण्याचे नियम मांडले. दाणा एक तर गोल, नाही तर सुरकुतलेला. मधले काही नाही. पण माणसाची उंची किंवा कणसाचे वजन असे दोन खणांत बसत नाही. बुटका, जरा बुटका, मध्यम, उंच अशी ती अखंड उतरंड असते. मग मेंडेलचे नियम येथे लागू कसे व्हावेत? १९१८ साली रोनाल्ड फिशर या गणितज्ञाने कोडे सोडविले. अशा गुणामागे एक नव्हे, अनेक जनुके असतात. चिवड्यातल्या जिनसांप्रमाणे प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यात खतपाण्याची भर पडली की उतरंड तयार! २०२२ साली सुमारे ५४ लाख माणसांच्या पाहणीत उंचीशी निगडित अशा १२,००० हून अधिक जागा आपल्या जनुकद्रव्यात सापडल्या. तेव्हा मुलगा बुटका राहिला म्हणून सासूने सुनेच्या माहेराला एकट्याला दोष देऊ नये!

आता आत्याचा हिशेब पाहू. समजा, शेतातल्या कणसांचे सरासरी वजन ८० ग्रॅम आहे. आपण १२० ग्रॅमची तेवढी निवडून पेरली. पुढच्या पिकाची सरासरी १२० भरेल काय? छे! ती ९० भरली, तर समजावे की ४० ग्रॅमच्या फरकातला चौथा हिस्साच वारशाने उतरला. बाकीची उकिरड्याची कृपा.

निसर्गही अशीच निवड करतो. गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने फिंच पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षे मोजल्या. १९७७ साली तेथे अवर्षण पडले. बारीक बिया संपल्या, कठीण टणक तेवढ्या उरल्या. दणकट चोचीचे पक्षी तगले, बाकीचे बहुतेक मेले. आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने मोठी निघाली. पण १९८३ साली धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि त्यानंतर पारडे लहान चोचींकडे झुकले.

हे सांगून मी आत्याला म्हटले, "मग ही बारकी, लवकर पिकणारी कणसं कशाला ठेवतेस? चांगली तेवढीच ठेव ना."

"पाऊस काय आपल्याले इचारून येते?" आत्या म्हणाली.

मी गप्प झालो. निवड करायला आधी वेगवेगळेपण हवे. सगळेच सारखे असेल तर निवडायचे काय? १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, तिने पुष्कळांची पोटे भरली. तिचे ऋण मोठेच. पण संकरित बियाणे दर साल विकत आणावे लागते आणि घरोघरची जुनी बियाणी मडक्यांतून नाहीशी होत गेली. एकदा गेलेला वाण बाजारात मागून मिळत नाही.

निघताना आत्याने राखेत घोळलेल्या बियाण्याची एक पुरचुंडी आमच्या हाती दिली. आमच्या तिसऱ्या मजल्यावर शेत कुठले? तरी ती आणली आहे. शेत असलेला कोणी भेटेपर्यंत ती फराळाच्या डब्यांमागे जपून ठेवण्याची ताकीद घरात सर्वांना दिली आहे.