टायर मृगाला की दिवाळीला?

मुलांनो, आज सायकलीच्या टायरबद्दल बोलू या. विषय साधा वाटेल, पण दर जूनमध्ये आमच्या सूरजागडच्या भागात घराघरांत त्यावरून वाद होतो. मुलगी म्हणते, "बाबा, मागचा टायर पार गुळगुळीत झाला." बाबा म्हणतात, "आता चिखलात नवा टायर कायले खराब करायचा? धान निघू दे, दिवाळीले टाकू." बाबा कंजूष आहेत असं समजू नका. बियाणं, खत, नांगरणी, सगळा खर्च त्याच महिन्यात अंगावर येतो. तरी मी मुलीच्या बाजूचा आहे. का ते सांगतो.

जगात असा वाद आपल्याकडेच आहे असंही नाही. फिनलंडमध्ये औलू नावाचं शहर आहे. तिथली मुलं भर बर्फातही सायकलनेच शाळेत जातात. बर्फावर चाक घसरू नये म्हणून बरेच जण बारीक पोलादी खिळे बसवलेले टायर वापरतात. वसंत आला, की प्रश्न पडतो, ते काढायचे कधी? लवकर काढले तर दुपारी वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं आणि सकाळी आपटी. उशिरा काढले तर कोरड्या रस्त्यावर नुसती खडखड आणि पायांना जड. जर्मनीत मोटारवाल्यांचा एक ठोकताळा आहे, ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर. आपल्याकडे बर्फ नाही. आपला बर्फ म्हणजे चिखल, आणि आपला ठोकताळा मृग नक्षत्र, म्हणजे ७-८ जूनच्या सुमाराचा.

आता थोडं विज्ञान. डांबरी रस्त्यावर पाणी साचलं तर मोटारीचं चाक त्यावर तरंगू शकतं, म्हणून तिच्या टायरला खोल नक्षी लागते. सायकलीचा टायर अरुंद आणि हवेने टणक. तो पाणी बाजूला सारून सरळ रस्त्याला टेकतो. म्हणजे स्वच्छ ओल्या डांबरावर नक्षी गेलेला टायर आपण समजतो तितका घसरत नाही. मग घसरतो कुठे? चिखलात. तिथे नक्षीचे दात मातीत रुतावे लागतात, आणि दातच नसतील तर चाक जागेवर गरगर फिरतं. आमच्याकडे डांबरही स्वच्छ नसतं. खाणीतून लोहखनिज नेणाऱ्या ट्रकांची लाल धूळ आणि चाकांना लागून आलेली माती रस्त्यावर बसते. पहिली सर आली, की तिचं लोण्यासारखं सारवण होतं. त्यावर जोरात ब्रेक दाबू नका, वळणावर तर नाहीच. ट्रक आला म्हणून डांबराखाली उतरलात, तर तिरकं चाक घालून पुन्हा वर चढू नका. कडेला पुढचं चाक घासतं आणि सायकल रस्त्याच्या मधल्या बाजूला आडवी होते. सरळ उतरा, ट्रक जाऊ द्या, सायकल हाताने वर घ्या. यात लाज कसली?

दुसरं कारण पंक्चरचं. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं. घरच्या मोठ्या माणसाला जुन्या ट्यूबचे दोन तुकडे ब्लेडने कापायला सांगा, एक कोरडा, एक ओला. फरक दिसेल. झिजलेल्या पातळ टायरमध्ये पावसाळ्यात खडी आणि काटे पटकन घुसतात ते म्हणूनच. आणि जुलैत, पाऊस लागलेला असताना, पंक्चर झालेली सायकल ढकलत नेणारी मुलगी त्या दिवशी शाळेत पोचत नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, ती मोठी सोय आहे. पण टायर काही जन्मभर पुरत नाही.

बरं, पैसे एकाच टायरपुरते असतील तर? मागचा टायर जास्त झिजतो, कारण वजन मागे, जोर मागे. म्हणून दुकानात नवा टायर मागेच टाकतात. माझं ऐका. पुढचा बरा असलेला टायर मागे घ्या आणि नवा पुढे टाका. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं, की माणूस खाली. फिटिंगचे थोडे पैसे जास्त लागतील, लागू देत.

उन्हाळ्यात उन्हात उभी राहिलेली सायकल मृगाआधी एकदा तपासाच. टायरच्या कडेला बारीक भेगा दिसतात का, आतले धागे उघडे पडलेत का? तसं असेल तर नक्षी शाबूत असली तरी तो टायर गेला. वॉलवरची छोटी रबरी नळीही कडक होते. ती अगदी स्वस्तात मिळते, नवीनच टाका.

मोठ्या दातांचा टायर ज्यांनी टाकला आहे, त्यांनी तो कधी काढावा? ऑक्टोबरात पाऊस परततो, पण कॅलेंडर बघून काढू नका. जंगलातल्या रस्त्यावर झाडांच्या सावलीत ओल बरेच दिवस राहते. दुपारी कोरडा दिसणारा तुकडा सकाळी शाळेच्या वेळेला निसरडा असतो. मडगार्डमध्ये ओला चिखल अडकणं सलग आठवडाभर थांबलं, की काढा. जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला धुळीतून जाताना साधा टायरच हलका पडतो. काढलेला टायर धुऊन, सावलीत ठेवा. पुढच्या मृगाला तोच कामाला येतो.

आणि बाजारात जाण्याआधी टायरच्या कडेवरचे आकडे वहीत उतरवून घ्या. नुसतं "२६ चा द्या" म्हणू नका. मुलींच्या साध्या सायकलीचा २६ × १ ३/८ आणि रेंजर सायकलीचा २६ × १.७५, दोन्ही २६च, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिंगवर बसत नाही. पहिल्याच्या कडेवर शेवटी ५९० असतं, दुसऱ्याच्या ५५९. ते रिंगचं माप आहे, मिलिमीटरमध्ये. आकडे पुसले असतील तर जुना टायरच खांद्यावर टाकून न्या.