कावड कोणाच्या खांद्यावर?

दिवाळीच्या आगेमागे अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांच्या वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ऊसतोडीच्या हिशेबातला एक ‘कोयता’, साखर कारखान्यांच्या वाटेला लागते आणि पाच-सहा महिने परतत नाही. मागे राहतात ती म्हातारी माणसे. त्यांतील एखाद्या आईला स्मृतिभ्रंश झालेला असला किंवा एखाद्या वडिलांना कंपवाताने ग्रासलेले असले, तर त्या घरापुढे फार कठीण पेच उभा राहतो. एकाने मागे राहावे तर कोयता अर्धा होतो आणि उचल अंगावर राहते. दोघांनी जावे तर चूल पेटवल्याचे विसरणारी आई शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकावी लागते. अशा वेळी ‘हल्लीच्या मुलांना आईबापांची चाड उरली नाही’ असे म्हणणे सोपे असते. पण तो न्याय नव्हे.

ही दुखणी ताप-खोकल्यासारखी येऊन जाणारी नाहीत. ती बरी होत नाहीत, हळूहळू वाढत जातात आणि अनेक वर्षे घराला सोबत करतात. कंपवाताची गोळी दिवसातून अनेकदा आणि ठरल्या वेळीच द्यावी लागते. एक वेळ चुकली तरी शरीर ताठरते, पाऊल उचलत नाही. स्मृतिभ्रंशात माणूस आधी दिवस-वार विसरतो, मग घराची वाट विसरतो आणि पुढे समोर उभ्या असलेल्या लेकालाही ओळखेनासा होतो. अंघोळ, जेवण, लघवी-शौच, कूस बदलणे या साऱ्यांसाठी त्याला दुसऱ्याचे हात लागतात. म्हणजे येथे औषधाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गरज माणसाच्या वेळेची असते. कष्टकऱ्याच्या घरात दुर्मिळ असते ती हीच वस्तू.

स्मृतिभ्रंश हा शहरी, सुखवस्तू घरांचा आजार आहे, ही समजूतही टिकणारी नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, इतके आढळले. आणि ते शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होते. परंतु ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेण्याची आपली रीत जुनी आहे. ज्याला म्हातारचळ म्हटले जाते तो मेंदूचा रोग आहे, हे पुष्कळ घरांना कधी कळतच नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला उपचाराऐवजी रागे भरणे येते.

शासनाने या प्रश्नाकडे मुख्यतः कायद्याच्या धाकातून पाहिले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने उपेक्षित मातापित्यांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते, आणि त्यांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इस्टेट लाटून आईबापांना हाकलणाऱ्यांसाठी हा कायदा हवाच. परंतु ज्याला टाकायचे नाही, केवळ पेलवत नाही, त्याला न्यायाधिकरण काय देणार? २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने कंपवाताला सूचीत स्थान दिले. स्मृतिभ्रंशाचे नाव त्या सूचीत नाही. मोठ्या आधाराची गरज असलेल्या अपंगांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण सरकारच्या ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांनी ती बांधलेली आहे. २०२४ साली सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांचे विमाछत्र मिळाले. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. हे दुखणे तर खाटेवर, घरात, वर्षानुवर्षे चालते.

महाराष्ट्राच्या एका निवृत्तिवेतन योजनेचे नाव ‘श्रावणबाळ’ आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. ती नाकारण्याजोगी नाही. पण तेवढ्या पैशात दिवसभर घरी थांबणारे माणूस मिळत नाही. शिवाय या नावात जो आदर्श आहे तो एकट्या मुलाचा आहे, आणि प्रत्यक्षात कावड त्याच्याही खांद्यावर क्वचितच असते. २००७ च्या कायद्यात ‘अपत्ये’ म्हणून मुलगा, मुलगी व नातवंडे धरली गेली. सून त्या व्याख्येत नव्हती. पण अंथरूण बदलणे, भरवणे, रात्री उठणे हे सारे गावोगाव सुनेनेच केले आहे, आणि सून नसेल तर शाळा सोडून घरी बसलेल्या नातीने. या श्रमाला मजुरी नाही, सुट्टी नाही, आणि पुण्य म्हटले की त्याचा हिशेबही मागता येत नाही.

हा भार वाटून घेता येतो, हे याच जिल्ह्याने दाखवलेले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावागावांतील अल्पशिक्षित, पुष्कळशा दलित स्त्रियांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका केले. बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतचे काम त्या बायकांनी दारोदार नेले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली सहकारी कारखाना उभा केला, तेव्हाही एकट्या शेतकऱ्याला न पेलणारे काम सर्वांनी मिळून पेलायचे, हेच सूत्र होते. ज्यांचे नाव २०२४ मध्ये जिल्ह्याला मिळाले त्या अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा. अनोळखी वाटसरूसाठी विहीर, घाट आणि धर्मशाळा बांधणे हे त्यांनी राज्यकर्त्याचे काम मानले. केरळने २००८ साली परिहार सेवेचे धोरण आखून पंचायतींना अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका पाठविण्याच्या कामी लावले, आणि अशा रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसालाही महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम किरकोळ आहे. पण घरातली शुश्रूषा हे काम आहे, हे एका सरकारने त्यातून मान्य केले.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. आशा सेविकांना या दोन रोगांची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण मिळावे व त्याचा वेगळा मोबदला मिळावा. कंपवाताच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य व अखंड मिळाव्यात. स्मृतिभ्रंशाला अपंगत्वाच्या सूचीत स्थान मिळावे, आणि काळजीवाहकाचा भत्ता कागदावरून हातात यावा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये वसतिगृहे मंजूर झाली, ते योग्यच झाले. त्याच कामगारांच्या आजारी आईवडिलांसाठी हंगामापुरते गावातले सेवाघर ऊसतोड कामगार महामंडळाच्या निधीतून आणि कारखान्यांच्या भागीदारीतून का उभे राहू नये? ज्या उसावर कारखाना चालतो तो तोडण्यासाठीच हे घर रिकामे झालेले असते.

श्रावणबाळाच्या कथेचा शेवट सहसा कोणी सांगत बसत नाही. दशरथाचा बाण लागला आणि खांदा कोसळला. मग पाण्याची वाट पाहत बसलेली आंधळी आईबापेही वाचली नाहीत. कावड एकाच खांद्यावर ठेवणाऱ्या समाजाने हा शेवट ध्यानात घ्यावा.