बाजारात तुरी

आफ्रिकेतील एखाद्या देशाचे नाव निघाले की आपल्याकडील शिकल्यासवरल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक विशेष प्रकारची करुणा पसरते. तिथले राज्यकर्ते लाचखाऊ, जनता अडाणी, रेल्वे चिनी कर्जाची, बाजार परक्यांच्या मुठीत, ही यादी तो पाठ म्हणून दाखवतो आणि आपण तसे नाही या समाधानाने पान लावायला घेतो. मुंबई-पुण्याच्या माणसाने हे करावे, त्याला कोण अडवणार? परंतु परभणीच्या मोंढ्यात बसून कोणी असे बोलू लागला की त्याला आपल्याच जिल्ह्याचा इतिहास ऐकवणे भाग पडते.

परक्याचे कर्ज म्हणजे काय हे या भूमीला कोणी शिकवायला नको. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौजेवर अधिकारी इंग्रज, पगार मात्र निझामाचा. पगार थकला, देणे साचले, आणि १८५३ साली त्या खर्चापोटी वऱ्हाडची कापूस पिकवणारी काळी जमीन इंग्रजांच्या ताब्यात गेली. १९०२ साली ती कायमच्या पट्ट्याने गेली. रेल्वेची कथाही याच घराण्यातली. १८८३ साली निझामाच्या राज्यातील रेल्वेसाठी लंडनमध्ये कंपनी उभी राहिली. भांडवल तिकडचे, नफा तिकडचा, व्याजाची हमी मात्र हैदराबादच्या तिजोरीची. या योजनेविरुद्ध लोकांत चर्चा उभी करणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, यांना त्याच वर्षी हैदराबादेतून हद्दपार करण्यात आले. परभणीवरून जाणारी मनमाड-हैदराबाद मीटरगेज १९०० च्या सुमारास सुरू झाली, आणि तीही याच कंपनीने चालवली. कंपनीचा कारभार संपून रेल्वे संस्थानच्या हाती यायला १९३० साल उजाडले.

मौज अशी की, ज्या वर्षांत आपल्याकडे ही गाडी येत होती त्याच वर्षांत, १८९६ ते १९०१ मध्ये, इंग्रज मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रूळ टाकीत होते. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. पुढे केनिया स्वतंत्र झाला, आणि २०१७ साली मोंबासा-नैरोबी ही नवी रेल्वे धावली ती चिनी बँकेच्या कर्जावर. त्या कर्जाच्या कराराची काही पाने जनतेला पाहायला मिळाली ती २०२२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे गाडी सुरू होऊन पाच वर्षांनी. १८८३ चे हैदराबाद आणि २०१७ चे नैरोबी यांत फरक शोधायचा तर सावकाराच्या पत्त्यात शोधावा लागेल.

येथवर कोणी मान डोलावील. आपणही सोसले, तेही सोसत आहेत, बंधुभाव वाढो! परंतु मला जे सांगायचे आहे ते इतके गोड नाही. पूर्व आफ्रिकेत आज जे परकी हात फिरतात त्यांत एक हात आपला आहे, आणि तो परभणीच्या शेतकऱ्याच्याही खिशात आहे.

एक काळ होता की स्वतंत्र भारताचा पहिला आयुक्त म्हणून औंधच्या राजघराण्यातले आप्पासाहेब पंत १९४८ साली नैरोबीला गेले, आणि तिथल्या काळ्या माणसाच्या बाजूने इतक्या उघडपणे उभे राहिले की इंग्रजांना ते नकोसे झाले. त्या वेळी आपल्याजवळ देण्यासारखे सहानुभूतीशिवाय फारसे नव्हते. आता आपल्याजवळ पैसा आहे, कंपन्या आहेत, आणि डाळ खाणारी तोंडे आहेत.

तुरीचेच घ्या. २०१५ च्या दसरा-दिवाळीला तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली आणि दिल्ली हादरली. शहरातला मतदार महागाई विसरत नाही, हे सर्व पक्षांना ठाऊक आहे. जुलै २०१६ मध्ये मापुटोला मोझांबिकशी करार झाला: १ लाख टनांपासून चढत चढत २०२०-२१ पर्यंत वर्षाला २ लाख टन तूर भारत घेईल. तिकडच्या छोट्या शेतकऱ्याला सांगितले गेले, पेरा. तूर त्याच्या जेवणात फारशी नाही. तो पिकवतो ती आपल्यासाठी. त्याच हंगामात इकडे बोनससह ५,०५० रुपये हमीभाव जाहीर झाला आणि आपल्यालाही सांगितले गेले, पेरा. पाऊस चांगला झाला. देशातले तुरीचे उत्पादन एका वर्षात जवळजवळ दुप्पट झाले.

पुढचे मराठवाड्यात कोणाला सांगायला हवे? मोंढ्यात भाव चार हजारांच्या आसपास आणि त्याखालीही आला. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, माणसे पोत्यांवर झोपली, आणि २२ एप्रिल २०१७ ला मुदत संपली म्हणून खरेदी बंद झाली. रांग उभी असताना! मग ओरड झाली, आणि ५ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आपल्याकडे तूर आधीच मातीमोल भावाने विकून झाली होती, त्यामुळे या मर्यादेचा इथल्या शेतकऱ्याला व्हायचा तो उपयोग झाला. तिकडे मात्र पीक काढणीला आले होते. मोझांबिकच्या कराराचा वाटा मर्यादेतून वगळला होता खरा. पण बाजार सरकारी कागद वाचून चालत नाही. मोझांबिकमध्ये आणि टांझानियात भाव कोसळले. स्वाहिली भाषेत तुरीला म्बाझी म्हणतात. त्या म्बाझीच्या पोत्यावर बसलेल्या माणसाने दिल्लीचे नाव कोणत्या शब्दांत घेतले असेल, ते परभणीकराला भाषांतर न करता कळेल.

आणि आमचे पुढारी काय म्हणाले? आफ्रिकेच्या तुरीने आमचा शेतकरी मारला! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपल्याकडे आहेच. इथे तर तुरी खरोखरच बाजारात होत्या, आणि मार दोघांनाही एकाच हाताने बसत होता. पण त्या हाताकडे बोट दाखवायचे तर पक्षाची शिस्त आड येते. त्यापेक्षा न पाहिलेला काळा शेतकरी शत्रू म्हणून सोयीचा. तो काही मत मागायच्या सभेत उठून प्रश्न विचारणार नाही.

कोणी म्हणेल, गरिबाला स्वस्त डाळ नको काय? हवी. तीस पोत्यांचा धनी असलेला शेतकरीसुद्धा पुढे वर्षभर डाळ विकतच घेतो. पण स्वस्ताईची किंमत जर दोन खंडांतल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनीच मोजायची असेल, तर तिला अन्ननीती म्हणू नये. तिकडचे राजकारण धुतल्या तांदळासारखे आहे असेही नव्हे. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नाकाला बंदरात भारताकडे निघालेली तूर व्यापारी गटांच्या भांडणात अडकून पडली, आणि तिथल्या सरकारी यंत्रणेने त्या भांडणात हात धुऊन घेतले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. जिथे एकच गिऱ्हाईक असते तिथे त्या गिऱ्हाइकाच्या दारातला दलाल राजा होतो. मोंढ्यातल्या आडत्यालाही हे शास्त्र अवगत आहे.

ज्ञान कमी आहे म्हणावे तर परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या बदनापूरच्या केंद्राने बीएसएमआर ७३६ सारखे मर आणि वांझ रोगाला तोंड देणारे तुरीचे वाण दिले. त्याच साली हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट निघाली, आणि तिच्या नैरोबी शाखेमार्फत तुरीची सुधारित वाणे पूर्व आफ्रिकेत पोचली. बियाण्याच्या बाबतीत दोन्हीकडचा शेतकरी असा जवळजवळ गुरुबंधू आहे. उणीव आहे ती पेरणीपूर्वी खरे बोलणाऱ्या सरकारची. किती तूर बाहेरून येणार, कोणत्या महिन्यात येणार, कोणत्या भावाखाली ती बंदरात उतरू देणार नाही, हे मृग निघण्याआधी जाहीर करा आणि पीक खळ्यावर येईपर्यंत त्यात बोट घालू नका. आफ्रिकेची तूर सप्टेंबरपासून बंदरांत येऊ लागते, आपली निघते डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे हिशेब मांडायला दिल्लीला पुरेसा वेळ असतो. तो हिशेब मापुटोलाही त्याच दिवशी कळवा. परभणीच्या खासदार-आमदारांनी एवढी एक मागणी धरून लोकसभा, विधानसभा अडवून दाखवावी. मग आफ्रिकेच्या मागासलेपणावर त्यांचे व्याख्यान मी पुढच्या रांगेत बसून ऐकेन.

२०२१ साली आयात पुन्हा मोकळी झाली आणि मलावीशीही ५० हजार टनांचा करार झाला. २०२४-२५ चा हमीभाव होता ७,५५० रुपये. जानेवारी २०२५ मध्ये तुरीच्या शुल्कमुक्त आयातीला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्या वेळी आपल्या शिवारांत तुरीची कापणी चालू होती, आणि मोंढ्यातला भाव थोड्याच दिवसांत हमीभावाच्या खाली उतरला.