औषध कुलपात, मूल वर्गात

एका पंगतीत बसून जेवणे हा समतेचा पहिला धडा आहे, असे सामाजिक चळवळींनी नेहमीच मानले. परंतु त्याच पंगतीतील शेंगदाणा, दूध किंवा अंडे एखाद्या मुलाच्या जिवावर बेतणार असेल, तर त्याच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची? आईबापांची, की त्याला पंगतीत बसवणाऱ्या शाळेची?

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताला हा प्रश्न एका मृत्यूने विचारला. सप्टेंबर २००३ मध्ये सब्रीना शॅनन ही तेरा वर्षांची मुलगी शाळेच्या उपाहारगृहातील तळलेले बटाटे खाऊन वर्गात गेली. तिला दुग्धजन्य पदार्थांची तीव्र अ‍ॅलर्जी होती. वाढण्याच्या चिमट्याला त्याचा अंश लागला असावा, असे पुढे सांगण्यात आले. श्वास कोंडू लागला तेव्हा प्रथम तो दमा वाटला. अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन तिच्या कपाटात होते. ते येईपर्यंत वेळ टळून गेली. औषध इमारतीत होते, मुलीजवळ नव्हते.

तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १ जानेवारी २००६ पासून तेथे अमलात आला. प्रत्येक शाळामंडळाने धोरण आखावे, प्रत्येक अ‍ॅलर्जीग्रस्त विद्यार्थ्याची स्वतंत्र योजना करावी, कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण द्यावे, असे बंधन त्याने घातले. आणीबाणीत सद्भावनेने इंजेक्शन देणाऱ्या शिक्षकाला कायद्याचे संरक्षणही दिले. जे दयेवर सोडले होते, ते हक्क बनले.

परंतु कायद्याने हक्क दिला तरी बाजार तो हिरावून घेऊ शकतो. अ‍ॅड्रेनलिन १९०१ पासून ज्ञात असलेले, स्वस्त औषध आहे. आपोआप टोचणारे यंत्र मुळात अमेरिकी लष्करासाठी विकसित झालेल्या तंत्रातून आले. तरीही अमेरिकेत मायलन कंपनीच्या ‘एपिपेन’ जोडीची किंमत २००७ मधील सुमारे १०० डॉलरवरून २०१६ मध्ये सुमारे ६०० डॉलरवर नेण्यात आली. शाळांनी हे औषध ठेवावे यासाठी तेथील सरकारने २०१३ मध्ये उत्तेजनपर कायदा केला होता. मुलांच्या प्राणरक्षणाची सार्वजनिक निकड अशा रीतीने खासगी नफ्याचे साधन ठरली.

महाराष्ट्रात हा श्रीमंतांचा आजार म्हणून झटकून टाकण्याची सोय नाही. येथे शासन स्वतः कोट्यवधी ताटे वाढते. जो वाढतो, त्याने ताटातील धोक्याचेही उत्तर दिले पाहिजे. आयते इंजेक्शन सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे हे खरे. परंतु अ‍ॅड्रेनलिनची साधी कुपी राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि लसीकरणाच्या वेळी आरोग्यसेविकेजवळ ती असावी ही व्यवस्थाही रूढ आहे. मग शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांची सांगड घालणे अशक्य का मानावे? प्रवेशाच्या वेळी अ‍ॅलर्जीची नोंद, स्वयंपाकीण ताईंना व शिक्षकांना लक्षणांची ओळख, जवळच्या केंद्राशी ठरलेला संपर्क आणि वाहन, या गोष्टींना पैशापेक्षा इच्छाशक्ती अधिक लागते. आधीच अशैक्षणिक कामांनी वाकलेल्या शिक्षकावर हे ओझे प्रशिक्षणाविना व संरक्षणाविना टाकणे मात्र अन्याय ठरेल.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. काहींना अ‍ॅलर्जी आहे, हे निमित्त करून गरीब मुलांच्या ताटातील अंडे किंवा शेंगदाणा काढून घेण्याचा डाव कोणी खेळू नये. तसेच अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला पंगतीबाहेर बसवणे हाही उपाय नव्हे; ती नवी अस्पृश्यता होईल. त्याच्यासाठी वेगळा पदार्थ, पण पंगत तीच, हाच समतेचा मार्ग आहे.

कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठकांत हा विषय मांडावा, ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. कायदा होण्यासाठी एखाद्या मुलाचा बळी जाण्याची वाट पाहणे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारे नाही.