दोन सेवा, एकच आयुष्य

सैनिकाविषयी आदर व्यक्त करण्यात आपला समाज कधी मागे राहिलेला नाही. राष्ट्रीय सणाच्या दिवशी जिल्ह्याच्या मुख्य समारंभात माजी सैनिकाला पहिल्या रांगेत बसवले जाते, त्याच्या छातीवरील पदकांचे कौतुक होते. परंतु हाच माजी सैनिक पुढे लिपिक, तलाठी किंवा शिक्षक म्हणून वीस वर्षे नोकरी करून निवृत्त होऊ लागतो, तेव्हा त्याच्या आयुष्यातील सीमेवरची वर्षे सेवेत धरायची की नाहीत, याविषयी शासनाचे कागद एकदम मुके होतात. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत लष्करातून परतून सरकारी नोकरीत शिरलेल्यांच्या दृष्टीने हा प्रश्न सन्मानाचा तर आहेच, पण त्याहून अधिक म्हातारपणीच्या भाकरीचा आहे.

जवानाला लष्करी निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान पंधरा वर्षांची सेवा लागते. विसाव्या वर्षी भरती झालेला तरुण पस्तिशी-चाळिशीत घरी परततो. मुले शाळेत असतात, शेत कोरडवाहू असते आणि हाती येणारे निवृत्तिवेतन संसाराला पुरत नाही. म्हणून त्याला दुसरी नोकरी पत्करावी लागते. राज्याच्या ‘क’ आणि ‘ड’ गटांतील पदांवर माजी सैनिकांसाठी पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे, ते याच कारणासाठी. वयोमर्यादेतही त्याला सूट मिळते. लष्करी सेवेचा काळ आणि त्यावर आणखी तीन वर्षे त्याच्या वयातून वजा धरली जातात. म्हणजे नोकरी देताना शासन त्याची लष्करातील वर्षे मोजते. निवृत्तिवेतन देताना मात्र तीच वर्षे मोजावीत की नाही, असा प्रश्न पडतो. ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

नियमांत वाट मुळीच नाही असे नाही. टपालासारख्या केंद्रीय खात्यांना लागू असलेल्या १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील १९ व्या नियमाने पुनर्नियुक्त सैनिकापुढे दोन पर्याय ठेवले होते. लष्करी निवृत्तिवेतन अथवा उपदान स्वतःकडे ठेवावे आणि मुलकी सेवा स्वतंत्र मोजू द्यावी, हा पहिला. लष्करी निवृत्तिवेतन सोडावे, घेतलेले उपदान परत करावे आणि दोन्ही सेवा एकत्र जोडून घ्याव्यात, हा दुसरा. परतफेडीसाठी जास्तीत जास्त छत्तीस मासिक हप्त्यांची सवलत होती. राज्याचे १९८२ चे निवृत्तिवेतन नियमही याच धर्तीचे आहेत. तथापि केंद्राच्या त्या नियमात एक मेख होती. ठरलेल्या मुदतीत कर्मचाऱ्याने काहीच कळवले नाही, तर त्याने पहिला पर्याय स्वीकारला असे गृहीत धरले जाई.

मौनाचा अर्थ संमती असा लावण्यापूर्वी, गप्प बसणाऱ्याला प्रश्न समजला होता काय, हे पाहावयास हवे. कंधार किंवा निलंग्याच्या तहसील कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या वर्षी आवक-जावक आणि सातबारा यांतून डोके वर काढता येत नाही. वीस वर्षांनंतरच्या निवृत्तिवेतनाचे गणित त्याला त्या वेळी कोणी समजावून सांगत नाही. निवृत्ती जवळ आली की त्याची धावपळ सुरू होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान असेल तर सेवेचा दाखला बेळगावहून आणायचा, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातील सागरहून. लष्करी निवृत्तिवेतनाचा हिशेब प्रयागराजला आणि मराठवाड्यातील राज्य कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतन प्रकरणे नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात. एका माणसाचे आयुष्य असे चार गावांच्या दप्तरांत विखुरलेले असते आणि ते गोळा करण्याचे काम मात्र त्या एकट्याचे!

सर्वांत मोठे नुकसान होते ते पंधरा वर्षे पुरी होण्याआधी परतलेल्याचे. घरच्या अडचणीमुळे बारा वर्षांनी लष्कर सोडलेल्या जवानाला निवृत्तिवेतन नाही, केवळ उपदान मिळते. तो अडतिसाव्या वर्षी लिपिक झाला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला, तर सेवा भरते वीस वर्षांची. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन राहिले नाही, त्यामुळे सेवा जोडून घेण्याची वाटही त्यांच्यापुरती निरुपयोगी झाली. पुढे मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचे ठरवले. केंद्राच्या या योजनेत पन्नास टक्क्यांची हमी पंचवीस वर्षांच्या सेवेला आहे; सेवा कमी असेल तर प्रमाणही कमी. वर सांगितलेल्या लिपिकाच्या वाट्याला या मापाने चाळीस टक्के येतात. त्याची लष्करातील बारा वर्षे जोडली तर तो पूर्ण हक्काचा धनी होतो. सेवेची वर्षे मोजण्याला आज पुन्हा एवढे महत्त्व आले आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक म्हणजे, माजी सैनिकाला दुहेरी लाभ कशासाठी? आक्षेप रास्त आहे, पण तो येथे लागू पडत नाही. जो लष्करी निवृत्तिवेतन घेतो, त्याची तीच वर्षे पुन्हा मोजावीत असे कोणी म्हणत नाही. ज्याला त्या वर्षांचे निवृत्तिवेतन मिळतच नाही, त्याचीच ती मोजावीत, एवढेच मागणे आहे. दुसरा आक्षेप तिजोरीवरील भाराचा. पण निवृत्तिवेतन ही सरकारने घातलेली भीक नव्हे, केलेल्या सेवेचे ते देणे आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठावर होते. देणे जड वाटते म्हणून ते देणे राहत नाही, असे होत नाही.

मराठवाड्याला तर हे तत्त्व नवे नाही. निजामाच्या अमदानीत नोकरीला लागलेला येथील शिक्षक किंवा कारकून १९४८ नंतर हैदराबाद राज्याचा नोकर झाला, १९५६ साली मुंबई राज्याचा आणि १९६० साली महाराष्ट्राचा. धनी बदलला, कामकाजाची भाषाही बदलली. तरीही राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने त्याच्या सेवाशर्तींना संरक्षण दिले. राज्ये मोडली तरी सेवा मोडली नाही. मग एकाच भारत सरकारच्या गणवेशात घालवलेली वर्षे परकी कशी ठरतात? प्रादेशिक सेनेच्या कायद्यात बोलावणे आलेल्या कर्मचाऱ्याला परतल्यावर पुन्हा कामावर घेण्याची आणि त्याचे भविष्यनिर्वाह निधीसारखे हक्क राखण्याची तरतूद आहे. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने, सैन्यातून आपल्या जुन्या नोकरीवर परतणाऱ्याचा तो काळ निवृत्तिलाभांपुरता खंड मानू नये, असे ठरवले. आपल्या नियमांनी त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकावयाचे आहे.

हे पाऊल तातडीचे होण्याचे कारण म्हणजे अग्निवीर. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के तरुण सैन्यात राहतात. इतरांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो, ज्यात त्यांच्याच पगारातून कापलेला भाग असतो. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६-२७ या काळात पुरी होते. मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूर या भागांतील जी मुले पुढे सरकारी नोकरीत शिरतील, त्यांच्या सेवापुस्तकाचे पहिले पान कोरे राहणार काय, याचे उत्तर शासनाने आताच दिले पाहिजे.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. रुजू होण्याच्या दिवशीच माजी सैनिकाच्या हाती पर्यायाचा कागद सोप्या मराठीत द्यावा आणि त्याची लेखी पोच घेतल्याविना कोणताही पर्याय गृहीत धरू नये. लष्करी सेवेची पडताळणी पहिल्याच वर्षी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पुरी करून सेवापुस्तकात नोंदवावी. ज्या लष्करी वर्षांचे निवृत्तिवेतन मिळत नाही, ती नव्या योजनेत पात्र सेवा म्हणून धरावीत आणि अग्निवीरांची चार वर्षेही त्यांत असावीत. भरतीच्या जाहिरातीत जी वर्षे वयातून वजा करण्याचे औदार्य शासन दाखवते, तीच वर्षे निवृत्तीच्या आदेशात मिळवण्याचा प्रामाणिकपणाही त्याने दाखवावा.