संगीत नाटक मंडळ्यांचा उन्हाळी हंगाम आणि खंडाळा

उन्हाळ्याची सुटी तोंडावर आली म्हणजे संगीत नाटके करणाऱ्या मंडळ्यांच्या चालकांपुढे हंगाम आखण्याचा प्रश्न दरसाल उभा राहतो, व दरसाल त्याचे उत्तरही बहुधा एकच निघते. पुण्यास काही प्रयोग, मुंबईस काही, आणि तारीख जमलीच तर सांगली-कोल्हापुराकडे एखादी फेरी. पुणे व मुंबई यांच्या मधोमध, घाटमाथ्यावर, खंडाळा-लोणावळ्याची जोडगावे व त्यांच्या भोवतालचे मावळ आहे, हे या आखणीत कोणाच्या ध्यानीही येत नाही. आमची या चालकांस आग्रहाची सूचना अशी आहे की, येत्या हंगामातील निदान चार प्रयोग त्यांनी घाटमाथ्यावर करावे. आणि ते हवा खाण्यास आलेल्या पाहुण्यांकरिता न करता तेथे बारा महिने राहणाऱ्या लोकांकरिता करावे.

या सूचनेतील दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात खंडाळ्यास जे जे म्हणून आणिले जाते ते बंगलेवाल्यांच्या व उपाहारगृहांत उतरणाऱ्यांच्या सोयीसाठी आणिले जाते. ज्यांच्या श्रमावर हा हंगाम चालतो, म्हणजे खोल्या झाडणारे, स्वयंपाक करणारे, चिक्कीच्या दुकानांत उभे राहणारे, रिक्षा हाकणारे, त्यांच्या वाट्यास त्या दोन महिन्यांत कामावाचून काही येत नाही. शनिवार-रविवार तर त्यांस श्वास घेण्यासही फुरसत नसते. म्हणून नाट्यप्रयोग शनिवारी-रविवारी ठेविला की तो आपोआप पाहुण्यांचा झाला, व मंगळवारी किंवा बुधवारी ठेविला की गावचा झाला. इतकी साधी गोष्ट आहे. पण ती करावयाची तर खेळाचा वार ठरविताना तिकीटविक्रीकडे पाहण्याआधी गावाकडे पाहावे लागते.

आगगाडीचा आणि संगीत नाटकाचा संबंध आमच्या वाचकांस नवा नाही. पुण्याकडील लोहमार्ग १८५८ सालीच खंडाळ्यापर्यंत येऊन पोचला होता. मधला बोरघाट फोडून तो १८६३ साली मुंबईकडील मार्गास जोडिला गेला. त्यानंतर सतरा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणिले. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळी, १९०८ साली निघालेली केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी, या सर्वांचा संसार गावोगाव फिरला तो मुख्यतः आगगाडीच्याच जिवावर. पडदे, पोशाख, पेट्या आणि माणसे यांनी भरलेले डबे हाच घाट चढत-उतरत होते; मंडळ्यांचे मोठे मुक्काम मात्र मोठ्या शहरांत. आज पुण्याहून लोणावळ्यापर्यंत लोकल गाडी धावते, अंतर अवघे ६४ किलोमीटर आहे, आणि खंडाळा त्यापुढे हाकेच्या अंतरावर आहे. प्रवासाची अडचण ही सबब आता कोणी सांगू नये.

दुसरी सबब अशी सांगतात की, मावळातील माणसास शास्त्रीय गाण्याची गोडी नाही. ही सबब ऐकून आम्हांस हसू येते. किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ रचिले तेव्हा त्यांनी चाली कोठून घेतल्या? साकी, दिंडी हे प्रकार त्यांनी कीर्तनकारांच्या तोंडून उचलिले. बायकांची गाणी व लावणीच्या चाली यांचाही त्यांनी अव्हेर केला नाही. ज्या मुलुखास देहू-आळंदीचा शेजार आहे आणि जेथे गावोगाव पखवाज व पेटीवर भजन चालते, तेथील श्रोत्यांस दिंडी समजणार नाही असे म्हणणे म्हणजे ज्याच्या घरून ठेव आणिली त्यासच ती ओळखता येणार नाही असे म्हणण्यासारखे आहे. अर्जुन, सुभद्रा व कृष्ण यांची ओळख कार्ला-कुसगावच्या आजीबाईस करून द्यावी लागत नाही. ठेव परत नेऊन द्यावयाची आहे, एवढेच.

गोव्याकडे पाहावे. तेथे देवळांच्या उत्सवांत गावची माणसेच संगीत नाटक बसवितात, दिवसा आपापला धंदा करणारे रात्री रंग लावून उभे राहतात, आणि त्या तालमींतून दर पिढीस नवे गळे तयार होतात. संगीत नाटक जगवावे कसे, यावर परिषदांतून भाषणे पुष्कळ होतात. तिकडे ते न बोलता जगविले जाते. मावळातही जत्रा-यात्रांची वाण नाही. चैत्रात एकवीरेची यात्रा कार्ल्यास भरते. मंडळ्यांनी चार प्रयोगांबरोबर दहा-पंधरा दिवसांचा वर्ग घेऊन गावच्या मुलामुलींस एखादा प्रवेश पदांसह बसवून दिला, तर पुढील वर्षी त्यांतीलच एखादी मुलगी नांदी म्हणावयास उभी राहील.

मुलींचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर करितो. ज्या रंगभूमीवर बालगंधर्वांसारख्या पुरुषाने स्त्रीभूमिकांचा कळस गाठिला, तिच्यावर स्त्रियांनी स्वतः उभे राहावे की नाही याचा वाद एके काळी किती तापला होता! हिराबाई बडोदेकरांनी तो वाद गाऊन मिटविला. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे प्रभृती स्त्रिया आल्या, आणि १९४९ साली निघालेल्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेत जयमालाबाई शिलेदारांनी व त्यांच्यामागे कन्या कीर्ती शिलेदारांनी ही गादी चालविली. कीर्तीबाई २०२२ साली निवर्तल्या. रंगमंचावरील दार असे उघडले. प्रेक्षागारातील दार मात्र घाटमाथ्यावरच्या बाईस अद्याप पुरते उघडे नाही. रात्री साडेनऊस सुरू होऊन मध्यरात्री सुटणारा खेळ कुणे किंवा वळवणच्या बाईने पाहावा कसा आणि घरी परतावे कसे? खेळ सायंकाळी सहाला सुरू व्हावा व नऊच्या आत सुटावा. त्यासाठी पदांची काटछाट करावी लागली तरी चालेल. खुद्द ‘शाकुंतल’ चार अंकांनिशीच लोकांपुढे आले होते. तान लांबविण्याचा आणि ‘वन्समोअर’ घेण्याचा मोह तेवढा आवरावा. पण ऑर्गन-तबल्याच्या जागी मुद्रित साथ लावून खर्च वाचवू पाहणाऱ्यांनी घाट न चढलेलाच बरा. साथीदार हा या नाटकाचा अर्धा प्राण आहे. त्याचे मानधन सर्वांत शेवटी द्यावयाची वहिवाटही याच हंगामापासून बंद व्हावी.

पैशाचे काय, असे चालक विचारतील. विचारणे रास्त आहे. गंधर्व मंडळीचे वैभव आणि गंधर्व मंडळीचे कर्ज ही दोन्ही मराठी माणसास सारखीच ठाऊक आहेत. १९३१ साली चित्रपट बोलू लागला तेव्हा थाटामाटाच्या ओझ्याखाली वाकलेल्या मंडळ्या त्यापुढे टिकल्या नाहीत. खंडाळ्यास भरजरी पडदे नकोत. शाळेचे पटांगण, एक मांडव, दोन पडदे आणि चार वादक पुरेत. तिकीट गावच्या माणसास परवडेल असे असावे, पण ते प्रत्येकाने काढावे. फुकट पासावर पहिल्या रांगेत बसून दुसऱ्या अंकास उठून जाणाऱ्या प्रतिष्ठितांची जात आम्ही पुष्कळ पाहिली आहे. त्यांच्या खुर्च्या विकल्या तर तबलजीची बिदागी निघेल. खंडाळा ज्या लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत येते तिने पटांगण, वीज व पाणी यांचा आकार माफ करावा, आणि खेळ सुटल्यावर आसपासच्या गावांकडे एस.टी.ची एकेक गाडी सोडविण्याची खटपट करावी. याहून अधिक अनुदान आम्ही मागत नाही.

मांडवात प्रयोग करावयाचे तर दिवस थोडे आहेत. जूनमध्ये घाटावर पाऊस कोसळू लागला की कोणताही मांडव उभा राहणार नाही. तेव्हा पहिला प्रयोग एप्रिलच्या अखेरीस व शेवटचा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात व्हावा. नाटक पहिल्या खेपेस ‘सौभद्र’च घ्यावे. पुण्याच्या मंडळ्यांपैकी कोण पुढे येते, व नगरपरिषद पटांगण केव्हा मोकळे करून देते, ते दोघांनी आता लवकर जाहीर करावे.