लागली आणि लावली

समुद्रप्रवासाचे लेखन म्हटले की आपल्याला वादळे आठवतात: फाटलेली शिडे, मोडलेली डोलकाठी, तारे न दिसणाऱ्या रात्री. परंतु हौसेने शिडाच्या होड्या चालविणाऱ्यांचे इंग्रजी लेखन काही वर्षे चवीने वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, या लेखकांची खरी परीक्षा वादळात होत नाही. ती होडी मुक्कामाला लावताना होते. हे मत केवळ होड्यांपुरते मर्यादित नाही, म्हणून येथे मांडतो आहे.

प्रथम थोडा तांत्रिक तपशील. शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. तळाशी साखळीने जखडलेल्या बोयापाशी तिला थांबवायचे, तर वारा आणि भरती-ओहोटीचा प्रवाह या दोहोंचा हिशेब करून, त्यांतील जे प्रबळ असेल त्याच्या विरुद्ध दिशेने तिला आणावे लागते. बोया हाताशी येण्याच्या क्षणीच तिचा वेग संपला पाहिजे. तो आधी संपला तर होडी भरकटून शेजाऱ्याच्या होडीवर जाते. उशिरा संपला तर बोया मागे पडतो, आणि होडीच्या पुढच्या टोकावर ओणवे होऊन आकडीच्या काठीने बोया धरणाऱ्या माणसाची ओढाताण होते. भर समुद्रात अशी फजिती पाहायला कोणी नसते. बंदरात पाहणारे पुष्कळ असतात आणि त्यांना बहुधा दुसरे काही काम नसते. वादळातल्या चुकीची पुढे शौर्यकथा होऊ शकते. बोयापाशी झालेल्या चुकीचे फक्त हसू होते.

ही नामुष्की जे लेखक कागदावर येऊ देतात त्यांच्यावर माझा विश्वास बसतो. आर्थर रॅन्सम यांच्या १९३७ सालच्या ‘वुई डिडन्ट मीन टू गो टू सी’ या कादंबरीचे शीर्षकच मुळी एक खुलासा आहे: आम्हांला समुद्रात जायचे नव्हते! बंदराबाहेर न जाण्याचा शब्द आईला देऊन आलेली चार मुले नांगरलेल्या होडीत एकटी राहतात. होडीचा तरुण मालक पेट्रोल आणायला गेलेला. भरतीबरोबर पाण्याची खोली वाढते, नांगराची साखळी अपुरी पडते आणि धुक्यात होडी वाहू लागते. पुढे मुले उत्तर समुद्र ओलांडून हॉलंड गाठतात, हे साहस मोठेच. पण त्याचे मूळ अपुऱ्या साखळीत आहे, हे रॅन्सम झाकून ठेवत नाहीत.

आपल्या भाषेत शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर यांना एकच शब्द आहे. शेतातल्याने जमीन चिरत पुढे जावे. समुद्रातल्याने रुतून जागीच राहावे. समुद्राचा तळ नांगरत निघालेला नांगर म्हणजे ओढवून घेतलेले संकट! जोसेफ कॉनरॅड यांनी ‘द मिरर ऑफ द सी’ (१९०६) या पुस्तकात वृत्तपत्रांतल्या सागरी भाषेवर राग काढला आहे. जहाजाने नांगर ‘फेकला’ असे पत्रकार लिहितात. खलाशी नांगर कधी फेकत नाही, तो सोडतो, असे त्यांचे म्हणणे. आपले ‘नांगर टाकणे’ही त्यांना फारसे रुचले नसते.

या नियमाला एक अपवाद मला ठाऊक आहे. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी जोशुआ स्लोकम यांची ‘स्प्रे’ डिसेंबर १८९५ मध्ये उरुग्वेच्या किनाऱ्यावर वाळूत रुतली. चांदण्यात वाळूच्या टेकड्यांनी फसवले, किनारा फार जवळ आला. ती ओढून काढण्यासाठी ते छोट्या होडक्यातून नांगर घेऊन निघाले. होडके पाण्याने भरले. ते उलटत असतानाच त्यांनी नांगर डोक्यावर उचलून खरोखरच फेकला. आणि मग त्यांना आठवले की आपल्याला पोहता येत नाही. आयुष्य समुद्रावर काढलेला पन्नाशीचा कप्तान हे स्वतः लिहितो. ते त्यांना सहज गाळता आले असते. विचारायला साक्षीदार कोण होता?

आता माझ्या गाळलेल्या प्रसंगाकडे येतो. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मित्राच्या होडीतून ऑरवेल नदीवर एक दिवस काढला. परतताना आकडीची काठी माझ्या हाती होती. बोया मी धरला खरा, पण होडीचा वेग शिल्लक होता. मित्र मागून ओरडत होता, “सोड! अरे, काठी सोड!” धरलेली गोष्ट सोडणे हा प्राध्यापकांचा स्वभाव नव्हे. मी सोडली तेव्हा माझा चष्मा नदीत गेला होता, काठी बोयाला लटकत होती आणि काठावरच्या पबच्या बाकांवरून टाळ्या येत होत्या. एका वृद्ध गृहस्थाने वल्हवत येऊन काठी परत दिली आणि संध्याकाळ फार सुंदर असल्याचे मत व्यक्त केले.

त्याच वर्षी एका दिवाळी अंकात मी या दिवसावर लेख लिहिला. त्यात सूर्यास्त होता, पाणपक्षी होते, इंग्रजांच्या सागरप्रेमाची मीमांसा होती. काठी नव्हती. शेवटचे वाक्य असे होते: “आणि मग आमची होडी अलगद बोयाला लागली.”

या ‘लागली’विषयी मला सांगायचे आहे. मराठीत ‘लावली’ म्हटले की कर्ता हजर राहतो. ‘लागली’ म्हटले की तो नाहीसा होतो. आपली पुष्कळशी आत्मचरित्रे या ‘लागली’च्या व्याकरणात लिहिलेली आहेत. मतभेद झाले. संस्था सोडावी लागली. घराकडे दुर्लक्ष झाले. तुरुंग, दारिद्र्य, आजारपण ही वादळे त्यांत सविस्तर असतात, कारण वादळात चरित्रनायक मोठा दिसतो. बोया मात्र कधीच चुकत नाही. आपल्याला फजितीचे वावडे आहे असे नाही. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाने ती मनसोक्त भोगली. पण ती काल्पनिक माणसाची. स्वतःची फजिती स्वतः कर्ता होऊन सांगणारे पुस्तक म्हणून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे (१९३४ पासून भागशः प्रकाशित) पुन्हा पुन्हा जावे लागते. आपले अज्ञान, आपले सोवळे, आपला हट्ट त्यांनी हसत सांगितला, म्हणूनच त्यांच्या दुःखावरही आपला विश्वास बसतो. हा विश्वास शैलीने मिळत नाही.

तेव्हा आत्मचरित्र शिकविताना विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: लेखकाची क्रियापदे तपासा. कर्ता कोठे आणि केव्हा निघून जातो, ते पाहा. बहुधा तेथेच काठावर कोणीतरी टाळ्या वाजवीत असते.

अर्थात हा नियम आधी स्वतःला लावायला हवा. दिवाळी अंकातले ते वाक्य येथे दुरुस्त करतो. होडी बोयाला लागली नाही. मला ती लावता आली नाही.